आधी रंगवा, मग झाका, मग खरवडा

स्टेशनरीच्या दुकानात हल्ली काळ्या कागदांची पाकिटं मिळतात. सोबत एक लाकडी काडी असते. काडीने ओरखडा काढला की काळ्याखालून सप्तरंगी पट्टे उमटतात. मुलांना हा प्रकार फार आवडतो. पटावर तीस मुलं असलेल्या शिक्षिकेला तयार पाकीट आणणं सोयीचं वाटतं, हेही समजण्यासारखं आहे. तरी माझा आग्रह असा, की बालवर्गातल्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे कागद विकत आणू नयेत, आणि आदल्या रात्री घरी बसून आपणही करून नेऊ नयेत. ते मुलांच्याच हातून व्हावेत.

कारण तयार कागदावर मुलाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात. खाली कोणते रंग असावेत हे कुणी दुसऱ्यानेच ठरवलेलं असतं. स्वतः कागद केलेल्या मुलाला मात्र ठाऊक असतं, की वरच्या कोपऱ्यात आपण पिवळा घासला होता आणि त्याला लागून गुलाबी. दोन दिवसांत त्यातलं निम्मं विसरायलाही होतं. मग काडी टेकवताना त्याच्या मनात अंदाज असतो, आणि तो बरोबर निघाला तरी आनंद, चुकला तरी आनंद. खरवडचित्राचा सगळा जीव या अंदाजात आहे.

हे काम एका तासात उरकायचं नाही. तीन दिवसांत, रोज थोडं थोडं करायचं. पहिल्या दिवशी रंग भरायचे, दुसऱ्या दिवशी काळा थर द्यायचा, तिसऱ्या दिवशी खरवडायचं. मधली वाट पाहणं मुलांना जड जातं, पण तेही या वयात शिकण्यासारखंच आहे.

कागदाचं आधी बघू. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद इथे टिकत नाही. मेणखडू जोरात घासला की चुरगळतो, आणि ओल्या रंगाने त्याच्या कडा वळतात. जाड कार्डशीट घ्या. तेही जमत नसेल तर प्रत्येक घरात पडून असलेल्या लग्नपत्रिका मागवा. पत्रिकेची कोरी बाजू बहुतेकदा जाड आणि गुळगुळीत असते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं. साबणाच्या किंवा बिस्किटांच्या खोक्याची आतली करडी बाजू चालत नाही, कारण करड्यावर रंग फुलत नाहीत.

आकार लहानच ठेवा. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की पोस्टकार्डाएवढा एक तुकडा होतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तेवढा पुरे. आख्खा कागद दाबून रंगवायचा तर मनगट दुखतं, मूल कंटाळतं, आणि उरलेला भाग घाईने, विरळ भरतं. पुढे तिथेच चित्र फसतं. आणि हे सगळं सुरू होण्याआधी कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव घाला. काळा थर बसला की तीसही कागद सारखेच दिसतात, आणि मुलाला दुसऱ्याचा कागद मिळाला तर त्याच्या सगळ्या अंदाजावर पाणी पडतं.

रंगांसाठी साधे मेणखडू चालतात, तेलखडू अधिक चांगले. तेलखडू मऊ असतो, कमी जोरात दाट थर देतो. लहान गटासाठी तो थोडा महाग पडला तरी घ्यावा असं मला वाटतं. मेणखडू असतील तर त्यांचे कागद सोलून आडवे घासू द्या. खोक्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या, कारण या वयात रंगाचे हात तोंडाकडे जातातच. रंग उजळ निवडा: पिवळा, नारिंगी, गुलाबी, आकाशी, पोपटी, लाल. जांभळा, गडद निळा, तपकिरी आणि काळा हे खडू त्या दिवसापुरते बाजूला ठेवा. काळ्या थराखालून ते दिसतच नाहीत, आणि मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं.

इथे चित्र काढायचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. घर नाही, झाड नाही, सूर्य नाही. फक्त रंगांची ठिगळं, पट्टे, गोळे, एकमेकांना चिकटून. चित्र काढायची सवय असलेली मुलं सुरुवातीला गोंधळतात, पण दोन-तीन ठिगळं झाली की रमतात. महत्त्वाची गोष्ट एकच: पांढरं कुठेही उरता कामा नये. जिथे मेण नाही तिथे काळा रंग कागदात मुरतो आणि कितीही खरवडलं तरी निघत नाही. कागद डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून उजेडाकडे करा. मेण असलेली जागा चमकते, कोरी जागा निस्तेज दिसते. हे कसं बघायचं ते मुलांना एकदा दाखवलं की ती स्वतःच एकमेकांचे कागद तपासायला लागतात. “ताई, हिच्याकडे इथे पांढरं राहिलंय!” अशा हाका सुरू झाल्या की पहिला दिवस नीट चाललाय असं समजा. शेवटी कापसाच्या बोळ्याने किंवा मऊ फडक्याने कागद हलका चोळून घेतला तर खडूचा भुगा निघून जातो आणि थर एकसारखा बसतो.

खडू तीसजणांना पुरणार नसतील तर एक स्वस्त वाट आहे. जुन्या मासिकाचं रंगीत पान किंवा भेटवस्तूचा रंगीबेरंगी कागद कार्डशीटवर चिकटवा, आणि त्यावर साधी पांढरी मेणबत्ती सगळीकडे दाबून घासा. मेणाचा थर मिळाला की पुढची कृती तीच. मुलांनी खडूने रंगवण्याइतका आनंद यात नाही, हे खरं. पण दोन खोकी खडूंवर चालणाऱ्या वर्गात कुणी रिकाम्या हाताने बसत नाही. मासिकाचं पान निवडायचं कामही मुलांनाच द्या.

दुसरा दिवस शिक्षकाचा कस पाहणारा. काळा पोस्टर रंग घ्या, आणि त्यात भांडी घासायचा द्रव साबण मिसळा: दोन चमचे रंगाला एक चमचा साबण. पोस्टकार्डाएवढ्या तीस कागदांना, दोन थरांसह, साधारण शंभर मिलिलिटर रंग लागतो. साबण कशाला, हे मुलांना करूनच दाखवा. एका रंगवलेल्या कागदावर नुसता पाणी घातलेला रंग लावा. तो थेंबाथेंबांनी आक्रसतो, मेणावर बसतच नाही. मग साबण घातलेला रंग लावा. तो पसरतो. मेण पाण्याला दूर ठेवतं, साबण ही ओढाताण सैल करतो. याहून जास्त शास्त्र या वयात सांगायची गरज नाही. तव्याला लागलेलं तेल नुसत्या पाण्याने जात नाही, साबणाने जातं, हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं. त्यांना तेवढा धागा पुरतो.

मिश्रण काडीने सावकाश ढवळा. भराभर ढवळलं की फेस येतो आणि फुगे कागदावर जाऊन वाळतात. तिथे खळगे पडतात. रंगात पाणी घालू नका. बाटलीतला रंग फारच घट्ट असेल तर दोन-चार थेंब, त्याहून जास्त नाही. ॲक्रिलिक रंग टाळा. तो वाळला की प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखा होतो, आणि काडी लावली की बारीक रेघ न उमटता मोठी साल निघते. कागदावर चुटकीभर टाल्कम पावडर भुरभुरून फडक्याने पुसून घेतली तर पहिला थर अधिक चांगला धरतो.

लावायला चपटा ब्रश किंवा स्पंजचा तुकडा घ्या. पहिला थर आडवा, पातळ. तो पट्टेदार दिसेल, खालचे रंग डोकावतील. मुलं लगेच आणखी रंग ओतायला बघतात, त्यांना थांबवा. तो वाळला की दुसरा थर उभा. एकाच वेळी जाड थोपलेला थर वाळताना तडकतो आणि खरवडताना ढिगळांनी निघतो. दोन पातळ थरांना पर्याय नाही.

तीस मुलांना एकाच वेळी काळा रंग देऊ नका. व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरून चार-पाचजणांचं एक टोळकं बसवा, बाकीच्यांना वर्गात दुसरं काम द्या. वडिलांचे जुने शर्ट मागवून उलटे घाला, बटणं पाठीमागे. त्याने गणवेश पूर्ण झाकला जातो. कागद मास्किंग टेपने वर्तमानपत्रावर चिकटवलात तर सरकत नाही, आणि शेवटी टेप काढल्यावर चारी बाजूंना नेटकी चौकट मिळते. हे एवढंसं काम चित्राला फार शोभा देतं, म्हणून मी ते कधी सोडत नाही.

वाळवायला सावली आणि वारा हवा. एप्रिलच्या उन्हात ठेवलंत तर खालचं मेण मऊ होतं आणि काळ्यात मिसळतं. रात्रभर पसरून ठेवणं सर्वांत चांगलं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतच इतकी ओल असते की रात्रीनंतरही थर दमट लागतो. तेव्हा एक दिवस आणखी थांबा किंवा पंख्याखाली ठेवा. बोट हलकं टेकवून पाहा. चिकट लागलं तर खरवडायची घाई नको, कारण ओला रंग काडीला गोळा होऊन रेघ बुजवतो. उलट कागद महिनाभर पडून राहिले तर थर कोरडा होऊन ठिसूळ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरवडलेलं सगळ्यांत छान निघतं.

आता काडी. तारा मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघांनी कोसबाडला बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं. पानं, बिया, दगड, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून शिकण्याची साधनं घडवणं हा त्या कामाचा एक कणाच होता. खरवडचित्राला ही दृष्टी चपखल लागू पडते. खराट्याचा हीर बोटभर लांबीचा तोडून घ्या, त्याने बारीक रेघ मिळते. संपलेलं रिफिल, आइस्क्रीमची चपटी काडी, जुन्या कंगव्याचा तुकडा, टोक बोथट केलेली दातकोरणी, पालकांच्या घरातली जाड विणायची सुई, यांतलं प्रत्येक साधन वेगळी रेघ देतं. कंगवा एका फटक्यात पाच-सहा समांतर रेषा काढतो. पाऊस आणि भाताचं शेत यासाठी मुलं तोच उचलतात. टाचणी, सेफ्टीपिन, करकटक, ब्लेड यांतलं काहीही नको. काड्या वाटताना मोजा आणि परत घेताना मोजा. ज्या मुलाची पकड अजून पक्की नाही त्याच्या काडीला स्पंजची पट्टी गुंडाळून रबरबँड लावा. जाड मूठ धरायला सोपी जाते. डावखुऱ्या मुलाला रांगेच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही.

खरवडायला बसण्यापूर्वी फळ्यावर नमुना काढू नका. हे मी फार आग्रहाने सांगते. शिक्षकाने फळ्यावर मोर काढला की वर्गात तीस मोर होतात, आणि त्यांतले पंचवीसजण आपला मोर ताईंसारखा आला नाही म्हणून हिरमुसतात. त्याऐवजी पहिली पाच मिनिटं फक्त रेघा. सरळ, वळणदार, नागमोडी, ठिपके, गिरक्या. कोणत्या काडीने काय होतं ते मुलांना शोधू द्या. यासाठी प्रत्येकाला दोन बोटं रुंदीची एक वेगळी काळी पट्टी आधीच करून ठेवलेली असेल तर उत्तम.

या पाच मिनिटांत वर्गाकडे नीट बघा. एक मुलगी डावीकडून उजवीकडे रेघ ओढत नेते, पिवळी. मधेच ती रेघ नारिंगी होते, मग गुलाबी. ती हात थांबवते, मागे बघते, पुन्हा पुढे ओढते. “ताई, माझी रेघ बदलतेय!” आणि मग ती तीच रेघ पुन्हा पुन्हा, हळूहळू, जिथे रंग बदलतो तिथे थांबत काढते. यावेळी तिला चित्र काढ म्हणून घाई करू नका. हाताचा जोर किती लावायचा हे तिची बोटं त्या क्षणी शिकत असतात. कमी जोर लावला तर रेघ उमटत नाही, जास्त लावला तर मेणही निघून कागद उघडा पडतो. मेण शाबूत ठेवून फक्त काळा उचलायचा, हा नेमका दाब वहीत पेन्सिल धरताना रोज लागणार आहे. तरी मी या कृतीचा अक्षर गिरवण्यासाठी उपयोग करू नये म्हणते. ‘अ’ खरवडायला लावला की मुलं लगेच ओळखतात, हा अभ्यास आहे. रेषांवरचा ताबा चित्रातूनच येऊ द्या.

विषय द्यायचाच तर काळ्याला शोभेल असा द्या. रात्रीचं आकाश, काजव्यांनी भरलेलं झाड, दिवाळीचा आकाशकंदील, समुद्राच्या तळातले मासे, वीज गेल्यावरचं घर. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. त्याचा फोटो मोबाइलवर दाखवून बाजूला ठेवा आणि विचारा, तुमच्या प्राण्याच्या पोटात कोण कोण आहे? याची उत्तरं अफाट येतात. हा नमुना होत नाही, कारण प्रत्येकाचा प्राणी निराळा निघतो.

काही मुलं, विशेषतः चार वर्षांच्या आतली, चित्रबित्र न काढता सगळा काळा थरच खरवडून टाकतात. त्यांना थांबवू नका. झाकलेलं सगळं परत बाहेर काढणं हेही एक पूर्ण काम आहे, आणि ते मूल ते मन लावून करत असतं. त्याला पुढच्या वेळी आणखी एक कागद मिळेल एवढं बघा. ज्या मुलाला खरवडण्याचा खर्रखर्र आवाज सहन होत नाही, त्याला आइस्क्रीमची काडी आणि थोडं अंतर द्या. रेघ जरा जाड येते, पण आवाज कमी होतो. रेघ चुकली म्हणून कुणी रडवेलं झालं तर त्या जागेवर काळ्याचा एक ठिपका लावून वाळू द्या. ती जागा पुन्हा कोरी होते.

हीच रीत थोडी बदलून आणखी एक सुंदर गोष्ट करता येते, आणि ती करावी असं मला मनापासून वाटतं. गोवा, दक्षिण कोकण आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम दिसतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, कावेचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती कारागिरी. गोव्यात मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहायला मिळते. म्हणजे वर्गात आपण जे करतो तेच, फक्त भिंतीवर आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं. पांढऱ्या कार्डशीटवर मेणबत्ती दाबून घासा, तिच्यावर काळ्याऐवजी विटकरी पोस्टर रंग साबण घालून त्याच दोन थरांत द्या, आणि वाळल्यावर मुलांना वेली, फुलं, पक्षी खरवडू द्या. पांढऱ्यावर पांढरी मेणबत्ती दिसत नाही, त्यामुळे जागा सुटतात. एका कडेपासून ओळीने घासत जायची शिस्त इथे लागते, म्हणून हा प्रकार दुसरीच्या मुलांना द्या. त्या भागातल्या शाळांनी आधी मुलांना देवळात नेऊन भिंत दाखवावी, मग कागद द्यावा.

आवराआवर हा मुलांच्याच कामाचा भाग ठेवा. खरवडताना प्रत्येकाच्या कागदाखाली वर्तमानपत्राचं पान असू द्या, कडा वर दुमडलेल्या. काळा भुगा त्यात साचतो. तो फुंकायचा नाही, डोळ्यांत जातो. पान अलगद दुमडून कचऱ्याच्या डब्यात रिकामं करायचं. फरशीवर पडलेला भुगा आधी कोरड्या झाडूने काढा, ओलं फडकं फिरवलंत तर तो पसरतो. बाकावर मेण घासलं गेलं असेल तर खोबरेल तेलाचं बोट लावून पुसा, निघतं. नखांत अडकलेला काळा साबणाने धुतला की जातो, पण डबा खाण्याआधी प्रत्येकाचे हात तुम्ही स्वतः बघा.

चित्रं एकमेकांवर तोंडाला तोंड लावून रचू नका, घासली जातात. मधे वर्तमानपत्राचा तुकडा घाला. गरम लॅमिनेशन करू नका, उष्णतेने मेण पाघळतं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. भिंतीवर लावताना मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि शेजारी तीच चित्रं पुन्हा करता येतील असे तीन-चार कोरे काळे कागद टांगून ठेवा. मधल्या सुट्टीत कुणालाही त्यावर एक रेघ ओढायची मुभा असावी. साबण घातलेलं मिश्रण उरलं तर साठवू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा पोत बिघडतो. त्यातच आधी खडू घासलेल्या कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या रंगवून घ्या. पुढच्या आठवड्यात त्या पुस्तकात ठेवायच्या खुणा म्हणून खरवडता येतील.